एकाच फडक्यानं पुसलेली पानं

क्रांती आमच्या वरच्या मजल्यावर राहते. कसबा बावड्यात ही इमारत नवी झाली, तेव्हा आम्ही दोघी एकाच महिन्यात राहायला आलो. तिचा नवरा आकाराम शाळेत खेळ शिकवतो. कुरिअरच्या ऑफिसातली नोकरी सुटल्यावर क्रांतीनं स्वतःचा एक उद्योग काढला. ती कुंड्या भाड्यानं देते. अरेका पाम, मनी प्लांट, पीस लिली, अशी सावलीत जगणारी झाडं. दोन दवाखाने, वकिलांची ऑफिसं, एक सराफी दुकान, अशा अकरा ठिकाणी तिच्या कुंड्या होत्या. दर आठवड्याला ती स्कूटीवरून फेरी मारायची, पाणी घालायची, पानं ओल्या फडक्यानं पुसायची आणि दमलेली कुंडी घरी आणून तिच्या जागी ताजी ठेवायची.

"एसीतल्या झाडाला मधनंमधनं माहेरी आणावं लागतं," असं ती म्हणायची.

गेल्या वर्षी मार्च संपता संपता तिच्या गॅलरीतला एक अरेका निस्तेज दिसायला लागला. पानांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक फिकट ठिपके. धूळ असेल म्हणून तिनं पुसलं. चार दिवसांनी ठिपके वाढले. मग तिला पानाच्या देठाजवळ जाळ्याचा एक तलम धागा दिसला, आणि ती एक झावळी घेऊन माझ्याकडं खाली आली. मी भरतकाम करते, त्यामुळं माझ्याकडं भिंग असतं.

आम्ही टेबलावर पांढरा कागद ठेवला आणि झावळी त्यावर झटकली. कागदावर तपकिरी, तांबूस कण पडले, मिरपुडीपेक्षा बारीक. आम्ही बघत राहिलो. थोड्या वेळानं त्यातले काही कण सरकायला लागले.

"धूळ चालते काय गं कधी?" क्रांती म्हणाली.

मोबाइलवर शोधल्यावर कळलं, हा लाल कोळी. पानाच्या मागच्या बाजूला बसतो, रस शोषतो. कोरड्या, गरम हवेत आठवड्याभरात नवी पिढी तयार होते. ते वाचून झाल्यावर ती एकदम उठून वर गेली. मी मागोमाग गेले, तर ती बादलीपुढं उभी होती. बादलीच्या काठावर तिचं पिवळं फडकं वाळत होतं.

"अकरा ठिकाणी हेच फडकं फिरवलंय मी," ती म्हणाली. "एकच."

त्या दिवशी ती जेवली नाही. आकारामनं विचारलं, "दुकानातनं एखादं जालीम औषध आणू काय?" तिनं मान हलवली, पण कशासाठी ते तिलाही ठाऊक नव्हतं. दंडावर काहीतरी चालतंय असं तिला सारखं वाटत होतं. बिचारी खाजवून खाजवून लाल झाली होती. मी म्हटलं, सगळ्यांना फोन कर आणि सांगून टाक.

"खुळी हाईस काय? दवाखान्यात किडे आणले म्हणतील. दुसऱ्या दिवशी सगळ्या कुंड्या रस्त्यावर. गुपचूप बदलून आणतो, कुणाला कळणार बी न्हाय."

हे गुरुवारचं. शुक्रवार-शनिवारी तिनं सात ठिकाणच्या कुंड्या काढून आणल्या. झाडाला ऊन दाखवायचंय, खत बदलायचंय, अशी कारणं सांगितली. खोटं बोलायची तिला सवय नाही. प्रत्येक ठिकाणाहून परत आली की ती जिन्यात दोन मिनिटं बसायची.

सोमवारी सकाळी ती राजारामपुरीतल्या दातांच्या दवाखान्यात गेली. काउंटरवर मोना होती, पंचवीस-सव्वीस वर्षांची, गडमुडशिंगीहून रोज येणारी. खिडकीजवळच्या अरेकाची जागा रिकामी होती.

"मोना, हितली कुंडी?"

"ती व्हय? शनिवारी घरी न्हेली की मी, मोपेडवर पायात ठेवून. लई पिवळी पडल्याली. म्हटलं चार दिवस राहू दे आमच्यात, तरतरी येईल. तुम्हाला फोन करणारच होतो ताई, ऱ्हाऊन गेलं."

"घरात कुठं ठेवलीस?"

"घरात न्हाय ओ. पॉलीहाऊसमध्ये. दादाची गुलाबं हायत न्हवं तिथं."

क्रांतीनं काउंटर धरलं. मोनाचा भाऊ राजवर्धन गुलाबाची शेती करतो हे तिला माहीत होतं. वर प्लॅस्टिकचं छत, आत हजारो झाडं, सगळी एकमेकांना चिकटून. मोनानं विचारलं, "काय झालं ताई?" आणि मग क्रांतीनं सगळं सांगितलं. फडकं, कागद, सात ठिकाणची खोटी कारणं, सगळं. मोनाचा चेहरा उतरला. तिनं लगेच भावाला फोन लावला. तो उचलेना.

क्रांती तशीच स्कूटीवर निघाली. वाटेत ती मनातल्या मनात दिवस मोजत होती. शनिवार, रविवार, सोमवार. तीन दिवसांत किती? माझ्याशी बोलताना तिनं नंतर सांगितलं, गडमुडशिंगीची कमान दिसली तेव्हा तिला वाटलं, परत फिरावं.

दारात मोनाची आई बयाबाई होती. "या की बाई, चहा ठेवतो," म्हणाली. क्रांती चहाला थांबली नाही. पॉलीहाऊसच्या दारातून आत गेल्यावर पहिल्याच वाफ्याशेजारी तिची कुंडी होती. अरेकाची दोन पानं वाकून गुलाबाच्या फांदीवर टेकली होती.

राजवर्धन तिथंच आत फुलं काढत होता. तिनं त्याला हाक मारली आणि एका दमात सांगितलं. खिशातून छोटं भिंग काढून त्यानं आधी अरेकाचं पान उलटं केलं, मग गुलाबाचं. एक, दोन, दहा. क्रांती त्याच्यामागून एकेक पान बघत होती.

"हाय," तो शेवटी म्हणाला. "ह्या कडंच्या झाडांवर हाय. आत अजून दिसंना."

"माझ्यामुळं."

"तुमच्या कुंडीतनं आला का आमच्यातच हुता, ते आता कोण सांगणार? गुलाबाला ह्यो येतोच. दोन वर्सांमागं निम्मी फुलं गेलती आमची." मग तो तिच्याकडं वळला, आणि त्याचा आवाज चढला. "पर तुम्हाला गुरुवारी कळल्यालं. गुरुवारी मोनाला नुसता एक फोन केला असता, तर ही कुंडी हितं आलीच नसती की, ताई!"

क्रांतीनं ओढणीचं टोक दातात धरलं होतं.

त्यानं कुंडी पिशवीत बांधून बाहेर काढली. कडेच्या दोन ओळींतली खालची पानं कापायला घेतली. क्रांती न सांगताच पिशव्या धरायला लागली. दुपारी एक वाजेपर्यंत दोघं वाकून काम करत होती. काम करता करता त्याचा राग निवत गेला, आणि तो तिला सांगायला लागला.

"जालीम औषध घरात अजिबात मारू नका. शेतातलं औषध घरात, माणसांत मारायचं नसतंय. आणि ह्यो किडा न्हाय, कोळी हाय. किड्याच्या औषधानं ह्याला खाणारे मरत्यात, आणि ह्योच वाढतोय. पाणी मारा. पानाच्या खालनं, जोरात. मग साबणाचं पातळ पाणी न्हायतर कडूलिंबाचं तेल, पर आधी एका पानावर मारून बघा, करपतंय का. उन्हात मारू नका. दर चार-पाच दिवसांनी, चार येळा तरी. अंडी एका धुण्यात जात न्हाईत."

"आणि लई झालेलं झाड?"

"टाकायचं. जीव अडकवायचा न्हाय."

घरी आल्यावर तिनं आधी फोन हातात घेतला. अकरा ठिकाणी स्वतः सांगितलं. दातांच्या डॉक्टर भैरवींनी एवढंच विचारलं, "माणसांना चावतात का?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग धुऊन आणा परत. पण असलं लपवू नका हं." सराफानं मात्र कुंड्या नकोच म्हणून सांगितलं. एका वकिलानंही.

पुढचे सहा आठवडे आमच्या इमारतीच्या गच्चीवर रोज संध्याकाळी पाण्याचा फवारा चाले. बेचाळीस कुंड्या, एकेक पान उलटं करून. मीही कधी कधी जायचे. नवव्या कुंडीपर्यंत कंबर मोडायची. प्रत्येक कुंडीला आता वेगळं फडकं होतं, त्यावर मार्करनं नंबर. तेरा झाडं तिनं टाकून दिली. त्यातलं एक तिनं सगळ्यात आधी घेतलेलं होतं. ती पिशवी घंटागाडीत टाकताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मधेच एकदा, सगळं निवळलंय असं वाटत असताना, पुन्हा तीन कुंड्यांवर ठिपके दिसले. त्या दिवशी ती रडली. मोनाच्या घरी मात्र दोन ओळींवरच थांबलं. हे कळायला तिला महिना लागला, कारण फोन करून विचारायचा धीरच तिला होत नव्हता. शेवटी बयाबाईनंच फोन केला, "अगं, गुलाबं बरी हायत. चहा ऱ्हायलाय तुझा."

आता नऊ ठिकाणं आहेत. नवी कुंडी आली की ती तीन आठवडे माझ्या मागच्या बाल्कनीत एकटी राहते. परवा आम्ही एका साखरपुड्याला गेलो होतो. सगळे नवरीकडं बघत होते, आणि क्रांती स्टेजशेजारच्या भाड्यानं आणलेल्या कुंडीचं पान उलटं करून बघत होती. आकारामनं तिला कोपरानं ढोसलं. "एकच मिनिट," ती म्हणाली, आणि पर्समधून भिंग काढलं.