तांब्याची हिरवी नळी

लढाईत सरकारने कल्याणच्या बाजूची आमची शेती लष्कराच्या छावणीसाठी घेतली, तेव्हा माझं पहिलं मूल जेमतेम सव्वा महिन्याचं होतं. घर सोडायच्या धावपळीत त्याला ताप भरला आणि ते गेलं. तान्ह्या मुलाला जाळत नाहीत. सासऱ्यांनी त्याला बांधावरच्या बोरीखाली पुरलं, आणि आम्ही गाडी जुंपून मानपाड्याला नातलगांकडे निघालो. मला रडायलाही कुणी बसू दिलं नाही.

लढाई संपली, इंग्रज गेले, जमीन परत मिळाली. येऊन बघते तर बांध नाही, बोर नाही. छावणीवाल्यांनी यंत्र फिरवून सगळं रान पाटासारखं सपाट केलेलं. माझं बाळ कुठे निजलंय तेच कळेना. मी रोज गवत उपटून बघायचे, अनवाणी पायांनी माती चाचपायचे. शेजारणी म्हणायच्या, हिला लागिर झालंय. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. त्यांच्या बापाचं काय जात होतं बोलायला! मला फक्त जागा हवी होती. नांगर धरायच्या आधी तिथे एक धोंडा ठेवायचा होता, म्हणजे त्याच्या अंगावरून बैल जाणार नाहीत.

राब भाजायचे, म्हणजे भाताच्या पेरणीआधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायचे दिवस आले. शेजारच्या रानात राब पेटवला आणि मातीतलं काहीतरी फुटून एका माणसाचा हात गेला. सगळ्यांची पाचावर धारण बसली. मग लष्कराची माणसं बोलावली. त्यांचा हवालदार कानाला भोंगे लावून, लांब दांड्याची थाळी जमिनीवरून फिरवत चालायचा. खाली लोखंड असो, तांबं असो, यंत्र किंचाळायचं. काडतुसांच्या पुंगळ्या, खिळे, डब्यांची झाकणं निघत होती.

मी सकाळपासून आमच्या रानाच्या कडेला उभी होते, पाण्यालाही गेले नाही. कारण माझ्या बाळाच्या गळ्यात ताईत होता आणि पुरताना तो कुणी काढला नव्हता. बोटाच्या पेराएवढी तांब्याची नळी, दोन्ही तोंडं बंद. बाळाची वाळून पडलेली नाळ आमच्यात अशा ताइतात घालून त्याच्याच गळ्यात बांधतात, दृष्ट लागू नये म्हणून. लागायची ती लागलीच.

उन्हं कलताना यंत्र ओरडलं. हवालदाराने वाकून बोटांनी माती सारली आणि झटक्यात हात मागे घेतला. "तांबे की नली है. हरी पड़ गई है. दोनों तरफ से बंद." मग शिपायांकडे वळून म्हणाला, "डिटोनेटर लगता है." स्फोट करायची नळी! हात लावायचा नाही, जागेवरच उडवायची, असं त्याने खुणेने सासऱ्यांना सांगितलं.

मी धावत सुटले. सासऱ्यांपुढे सुनेने तोंड उघडायचं नसतं, पण तेव्हा मला कसली रीत आणि कसलं काय.

"सायब, उडवू नका! माझे बालाची नाल हाय त्यान! नाल हाय!"

आमच्या आगरी बोलीत ळ नाही. बाळाला आम्ही बाल म्हणतो आणि नाळेला नाल. मी तरी दुसरं काय म्हणणार होते?

"नाल?" हवालदाराचा चेहराच बदलला. "बंदूक की नाल?"

सासऱ्यांना हिंदी येत होती ती बाजारापुरती. ओळखीचा शब्द ऐकून त्यांनी जोरजोरात मान हलवली. "हां सायब, नाल! नाल! आमीच पुरली."

झालं. त्याच्या भाषेत नाल म्हणजे बंदुकीची नळी. हवालदाराला वाटलं, यांनी छावणीतली बंदूक चोरून पुरली आहे, खाली आणखी माल असणार. त्याने सुरुंग वाढवायला सांगितला. मी त्याच्या पाया पडले. दोन्ही हात छातीशी धरून, हलवून हलवून बाळ दाखवलं. बंदूकही तशीच धरतात, हे मला कुठे ठाऊक! तो मान डोलावत राहिला. दोन शिपायांनी मला ओढत नाल्यापलीकडे नेलं.

धमाका झाला. माती आमच्या डोक्यावर पडली.

धूळ बसल्यावर तो खड्ड्यात उतरला, उकरत राहिला. बंदूक नव्हती, काहीच नव्हतं. एक मुडपलेला पत्रा तेवढा घेऊन आला आणि माझ्यापुढे धरला. पत्र्याला पितळेची कडी होती. तांब्याची मूळ कडी निसटायची, म्हणून मीच सोनाराकडे बसून ती लावून घेतली होती. मी पत्रा ओढून घेतला आणि उराशी धरला. तेव्हा कुठे त्याला कळलं. त्याने मान खाली घातली. त्याच्याकडे बघवेना, पण त्याला माफ करायचीही माझी इच्छा नव्हती.

मग सासऱ्यांनी त्याला विचारलं, राब भाजायला आता हरकत नाही ना?

"नहीं बाबा," तो हळूच म्हणाला. "अब वहाँ कुछ नहीं है."