हाउन्सलोच्या किचनमधल्या ताई

ताईंपुढे कागद ठेवला की त्या चष्मा पुसायच्या, ओळीवर बोट ठेवायच्या आणि शेवटच्या शब्दापर्यंत वाचायच्या. समोर मॅनेजर ताटकळत उभा असला तरी घाई नाही. विमानात जे जेवण मिळतं, त्याचे ट्रे आम्ही इथे विलायतेत, विमानतळाजवळच्या हाउन्सलोच्या एका किचनमध्ये भरायचो. ताई तिथल्या युनियनच्या प्रतिनिधी. आम्ही दोघी-तिघी मराठी बायका त्यांना ताई म्हणायचो, म्हणून पंजाबी आणि पोलिश बायकाही ताईच म्हणू लागल्या.

मी नवी असताना एका फॉर्मवर न वाचताच सही केली. "वाचलास का?" ताईंनी विचारलं.

"सगळ्यांनी केली म्हणून केली."

"नाव तुझं आहे ना खाली? मग वाचायचंही तूच."

पुढे कंपनीच्या अमेरिकन मालकांनी कारभार सुधारायला घेतला. तिकडची आर्थिक धोरणं बदलली आणि सगळीकडे खर्च आवळायचा हुकूम निघाला. आम्हाला नवं कॉन्ट्रॅक्ट आलं. उद्या काम आहे की नाही, ते आदल्या संध्याकाळी फोनवर कळणार. सही करा, नाहीतर नोकरी सोडा. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. तिला ऐनवेळी कुणाकडे ठेवायचं?

मॅनेजर मीटिंगमध्ये म्हणाला, अमेरिकेतल्या आपल्या किचनमध्ये हे छान चाललंय.

"तिथल्या बायकांना विचारलंत?" ताई म्हणाल्या. तो पुढच्या मुद्द्याकडे वळला.

ताईंनी मात्र खरंच विचारलं. ओळखी काढून तिथल्या डोलोरेस नावाच्या बाईचा नंबर मिळवला आणि दुपारच्या ब्रेकमध्ये कॅन्टीनच्या टेबलावर व्हिडिओ कॉल लावला. "आम्हाला एकेकीला ऑफिसात बोलावलं," डोलोरेस म्हणाली. "आत एकटं असलं की सही होऊन जाते. तुम्ही एकट्या जाऊ नका." ब्रेक संपायच्या आत ठरलं, एकटीने ऑफिसात जायचं नाही, आणि संपासाठी मतदान घ्यायचं.

इथे संपाचं मतदान पोस्टाने होतं, आणि निम्म्या लोकांनी तरी मत दिलं नाही तर ते वाया जातं. एकेका घरात पाच-सहा भाडेकरू, मतपत्रिकेची पाकिटं जाहिरातींच्या गठ्ठ्यात हरवायची. ताई गुडघ्याला पट्टा बांधून दारोदार फिरल्या. "मत काय द्यायचं ते तुझं तू ठरव, पण पाकीट टाक," म्हणायच्या आणि पोस्टाच्या पेटीपर्यंत सोबत चालायच्या.

जवळजवळ सगळ्यांनी मत दिलं, आणि तेही संपाच्या बाजूने. संप करावाच लागला नाही. कंपनीने कॉन्ट्रॅक्ट मागे घेतलं, शिफ्टचं वेळापत्रक चार आठवडे आधी लावायचंही लिहून दिलं. ताईंनी त्या कराराचा फोटो डोलोरेसला पाठवला. काही महिन्यांनी तिचा मेसेज आला, आमच्याकडेही युनियन उभी राहिली. ताईंनी तो मोठ्याने वाचला तेव्हा सगळ्यांनी ट्रे बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या.

गेल्या वर्षी ताई निवृत्त होऊन कार्डिफला लेकीकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, "आता प्रतिनिधी तू."

"ताई, मला चारचौघांत बोलता येत नाही."

"मला तरी कुठे येत होतं?"

मागच्या महिन्यात मॅनेजरने नवा नियम वाचून दाखवला. जेवणाची सुट्टी निम्मी. मी उठून उभी राहिले, पण तोंडातून शब्द फुटेना. मग मागे एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दुसरी, मग सगळ्याच. मॅनेजरने कागदाची घडी घातली आणि म्हणाला, "बरं, बसा. बोलू या."