शांताराम जेवत नाही

माझ्या मावससासूबाईंच्या दारात आलेलं कोणी न जेवता परत गेलं, असं त्यांच्या सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात कधीच घडलेलं नाही. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी दोन थालीपिठं खायला घातली आणि तो ढेकर देत असताना त्याने लिहिलेला आकडा त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेतला, याला मी स्वतः साक्षी आहे. पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं. धामणकर नाक्यापासून चालत सात मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. खाली साड्या विणणाऱ्या लूमची खडखड सकाळपासून चालू असते, त्यामुळे दोन माणसांशी बोलतानाही मावशींचा आवाज चाळीस मुलांच्या वर्गाला पुरेल एवढा असतो. दुधाची पिशवी, नारळ, गॅसच्या सिलिंडरचं झाकण, बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू नळाखाली धरून मगच त्या घरात घेतात. जेवणाऱ्याच्या ताटाकडे कोणी टक लावून बघितलेलं त्यांना खपत नाही. स्वतः त्यांनी आयुष्यात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. आणि या बाईंच्या मागच्या खोलीत, काचेच्या सहा फुटी पेटीत, पावणेसात फूट लांबीचा परदेशी बोआ जातीचा साप राहतो.

हा साप त्यांनी विकत आणलेला नाही. खालच्या मजल्यावर एक साड्यांची डिझाइनं काढणारा भाडेकरू होता, तो गावी निघाला तेव्हा पेटी घेऊन वर आला. "आंटी, सिर्फ आठ दिन," एवढंच म्हणाला. आलेल्याला नाही म्हणणं मावशींना येत नाही. त्या आठ दिवसांना आता चार वर्षं होत आली. मध्ये एकदा तो येऊन सापाची कागदपत्रं रीतसर मावशींच्या नावावर करून गेला. तेवढ्यात पोहे खाऊन गेला. सापाचं नाव मावशींनी शांताराम ठेवलं. "कसलाही आवाज नाही, कुणाची निंदा नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या स्टाफरूममध्ये असा एक जण असता तर मी आणखी पाच वर्षं नोकरी केली असती."

शांताराम जिवंत पांढरे उंदीर खायचा. पहिली तीन वर्षं दुकानातला माणूसच उंदीर घेऊन यायचा, पेटीत सोडायचा, आणि मावशी तेवढा वेळ देवळात जाऊन बसायच्या. मग त्याने दुकान बंद केलं आणि जाताना बारा उंदीर एकदम देऊन गेला. पहिल्या उंदराला पेटीकडे नेत असताना त्याने मावशींच्या हातात बसून दोन्ही पुढच्या पायांनी तोंड धुतलं. झालं. स्वच्छतेची आवड असलेल्या प्राण्याला मावशी सापाच्या तोंडी देणं शक्य नव्हतं. आजही ते बारा उंदीर गॅलरीत आहेत आणि रोज भिजवलेले हरभरे खातात. नर वेगळे, माद्या वेगळ्या. ती व्यवस्था मी पहिल्याच दिवशी केली, कारण पुढची आकडेमोड माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली होती.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी मार्ग सुचवला. जिवंत उंदीर नको. तो सापाला चावूही शकतो. पडघ्याजवळ एक जण बटेर, म्हणजे लावे, पाळतो. त्याच्याकडून मारलेली, पिसांसकट गोठवलेली अख्खी बटेर आणायची. वितळवायची, अंगाला ऊब आणायची, आणि सापाला उंदराची सवय आहे म्हणून उंदरांच्या पिंजऱ्यातल्या भुशात घोळवून चिमट्याने पुढे धरायची. "हळूहळू शिकेल," डॉक्टर म्हणाले. "पण वजन साडेचार किलोच्या खाली गेलं तर माझ्याकडे आणा. मग त्याला साप सांभाळणाऱ्या केंद्रातच ठेवावं लागेल, घरी नाही."

मावशींनी मान डोलावली. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "जावईबापू, आपल्या घरातून कोणी उपाशी म्हणून बाहेर गेलेलं मला चालणार नाही."

तेव्हा शांतारामचं वजन पाच किलो दोनशे ग्रॅम होतं.

मी पूर्णा गावातल्या एका गोदामात मालाची आवक-जावक लिहितो. काम कोणाच्या अंगावर पडणार हे त्यामुळे आधीच ठरलेलं होतं. मी दोनशे पानी वही घातली. तारीख, वजन, खोलीचं तापमान, बटेरचं वजन, बटेरचं तापमान, भुशात घोळवले का, खाल्ले का, असे सात रकाने आखले. शांतारामला उशीच्या अभ्र्यात घालून लटकत्या काट्यावर तोलायचं आणि अभ्र्याचे एकशेचाळीस ग्रॅम वजा करायचे. बटेर मावशींच्या फ्रीजमध्ये ठेवणं अर्थातच शक्य नव्हतं. ती आमच्या फ्रीजरमध्ये, बोंबलांच्या शेजारी राहायची. आमच्या घरी पाहुणे आले की बायको आधीच सांगून टाकायची, "उजव्या बाजूचं आपलं, डाव्या बाजूचं शांतारामचं."

दर दुसऱ्या रविवारी संध्याकाळी मी वितळलेली बटेर स्टीलच्या डब्यात घालून शेअर रिक्षाने मावशींकडे नेत असे. एकदा शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "क्या बनाया है, भाई?" मी खोटं बोलत नाही. म्हणालो, "बटेर." तो म्हणाला, "नसीबवाले हो." ज्याच्यासाठी नेत होतो त्याला तसं वाटत नव्हतं.

मावशी डबा घेऊन मागे जायच्या, दार लावून घ्यायच्या. मी बाहेर बसून चहा प्यायचो. अर्ध्या तासाने त्या यायच्या. "बघितलं, जीभ काढली, तोंड फिरवलं." मी शेवटच्या रकान्यात 'नाही' लिहायचो. असं सात वेळा झालं. मधल्या काळात मावशींनी स्वतःचं रात्रीचं जेवण सोडलं. विचारलं तर म्हणाल्या, "घशाखाली उतरत नाही." शेजारच्या चाची भाजी आणायला निघाल्या की दारातून विचारायच्या, "दीदी, लड़के ने कुछ खाया?" आणि मावशी नुसता हात हलवायच्या. मी खोलीचं तापमान दोन अंशांनी वाढवून पाहिलं. बटेर लहान आणली, मोठी आणली. पेटीवर चादर घातली. वहीत सगळं होतं. वजन मात्र चार किलो पाचशे साठवर आलं. साठ ग्रॅम उरले होते. मी मावशींना तो आकडा सांगितला तेव्हा त्यांनी वजाबाकी पुन्हा स्वतः करून पाहिली. माझं गणित चुकावं असं त्यांना वाटण्याची ती पहिलीच वेळ असेल.

आठव्या खेपेला गेलो तेव्हा इमारतीत दोन दिवस पाणी नव्हतं. टँकर सकाळी येणार होता तो संध्याकाळपर्यंत आला नव्हता. पिंप तळाला गेलं होतं. प्यायचं पाणी एका कळशीत तेवढं शिल्लक. मावशी मागे गेल्या आणि दोनच मिनिटांत ताटली घेऊन परत आल्या. चेहरा उतरलेला. ताटलीत बटेर, अंगभर भुसा.

"जावईबापू, आज त्याला पारोसंच द्यावं लागणार."

"पारोसं म्हणजे?"

"म्हणजे आंघोळ न घातलेलं. नळाला थेंब नाही."

मी कप खाली ठेवला. "मावशी, तुम्ही बटेरला आंघोळ घालता?"

"मग? तुम्ही रिक्षातून आणता. त्या उंदरांच्या घाणीत लोळवायचं. तसंच पानात वाढू?"

"भुशात घोळवल्यानंतर धुता?"

"आधी धुवून काय उपयोग?" त्या माझ्याकडे वर्गातल्या मागच्या बाकाकडे बघावं तशा बघत होत्या. "शिकेकाईने. पिसं मऊ होतात. मग थोडी हळद."

मी वही उघडली. 'भुशात घोळवले का' या रकान्यात ओळीने सात वेळा 'होय' लिहिलेलं होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. धुण्याचा रकाना मी ठेवला नव्हता.

"मावशी, त्याला वास लागतो. वासावरच ओळखतो तो."

त्यांनी ताटलीतल्या बटेरकडे पाहिलं. खालची लूम ऐकू येऊ लागली. मग ताटली उचलून म्हणाल्या, "चला तुम्हीपण."

कळशीतलं पाणी पातेलीभर गरम केलं, बटेर पिशवीत बांधून त्यात ठेवली, ऊब आल्यावर पुन्हा भुशात घोळवली. मावशींनी चिमटा पेटीत घातला आणि म्हणाल्या, "आज असंच घे रे बाबा. राग मानू नकोस." शांतारामने दोनदा जीभ बाहेर काढली. मान उचलली. पुढचं मला नीट दिसलं नाही, इतकं ते झटकन झालं. ताटाकडे बघायचं नाही हे मावशी त्या दिवशी विसरल्या. अकरा मिनिटं त्या पेटीपुढे जमिनीवर बसून होत्या, शेवटचं पीस आत जाईपर्यंत. मग उठल्या आणि सकाळची भाकरी तशीच उभ्याने, दूध घालून खाल्ली.

काही महिन्यांत त्याचं वजन पाच किलो ऐंशी ग्रॅमवर गेलं. तो दर पंधरवड्याला बिनतक्रार खायचा, मावशी त्याच्याकडे पाठ करून त्याला वाढायच्या, आणि नंतर हात साबणाने चार वेळा धुवायच्या.

दोन महिन्यांपूर्वी वजन लिहून मी वही मिटत होतो, तर त्यांनी विचारलं, "हे साप जगतात किती?"

"नीट सांभाळले तर पंचवीस. कधी तीस."

"आपला किती वर्षांचा?"

"पाच पूर्ण."

मला एखादा आकडा बदलून सांगता आला असता. पण त्या गणिताच्या बाई. पंचविसातून पाच वजा करून त्यात स्वतःची सदुसष्ट मिळवायला त्यांना एक श्वासही लागला नाही.

"पुढच्या वेळेपासून चिमटा तुम्ही धरा," एवढंच म्हणाल्या. "त्याला तुमच्या हातची सवय होऊ दे."

पहिल्या खेपेला माझ्या हातून त्याने घेतलं नाही. मावशींच्या दिशेने मान वळवून बसून राहिला. दुसऱ्या खेपेला मावशी स्वयंपाकघरात गेल्या, तरीही नाही. तिसऱ्या खेपेला त्या खिडकीशी, रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी चिमटा धरून बसलो. हात दुखू लागला. मग एकदम चिमट्याला ओढ बसली.

"घेतलं का?" त्यांनी तिकडूनच विचारलं.

"घेतलं."

"बरं झालं," मावशी म्हणाल्या. पण बराच वेळ त्या वळल्या नाहीत.