ओला दोर

सकाळी चहा पिण्याआधी अप्पाराव दाभाडे दोर मोजायचे. ओसरीच्या भिंतीत त्यांनी दोन खिळे ठोकले होते, बरोबर दहा फुटांवर. खुंटीवरचा सुती दोर काढायचा, पहिली गाठ डावीकडच्या खिळ्याला अडकवायची, दोर ताणत उजवीकडं जायचं, आणि दुसरी गाठ खिळ्यावर नेमकी टेकली की हळूच म्हणायचं, "पुरला." मग चूळ, मग चहा. तोवर चंपाबाई कपावर बशी झाकून उभ्या असायच्या.

"लग्नाला पन्नास वर्षं झाली," त्या मला सांगायच्या, "पण ह्यांनी गरम चहा पेलेला मी बघितला नाय. दोराला जेवढं जपलं तेवढं मला जपलं असतं तर मी राणी झाले असते."

"दोरानं मला वर काढलं हाय," अप्पा म्हणायचे. "तू कवा काढलं?"

आमची वस्ती शहराच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी. मधोमध एक दगडी हौद आहे. त्यात पाणी येतं ते नहरीतून, म्हणजे डोंगराच्या पोटातून जमिनीखालून आलेल्या बोगद्यातून. कुणी तरी फार पूर्वी तो खोदला आणि आतून चुन्यानं लिंपला. शहरातल्या नळांना आठवड्यातून एकदा पाणी येतं. आमच्या हौदाला रोज येतं. धार मनगटाएवढीच, पण रोज.

ही नहर साफ ठेवायचं काम अप्पांनी चाळीस वर्षं केलं. त्यांच्या जोडीला मुख्तारचाचा. अप्पा आत उतरायचे आणि मुख्तारचाचा तोंडाशी बसून दोर धरायचे. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे सैल सोड, तीन म्हणजे ओढ. उतरायच्या आदल्या दिवशी तोंडावरची फरशी काढून ठेवायची. दुसऱ्या दिवशी आधी पेटता कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर त्या दिवशी काम नाही. चाळीस वर्षांत तीन हिसके एकदाच बसले होते. त्या वेळचा मुख्तारचाचांच्या तळव्यावरचा वळ अजून दिसतो. कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "अप्पा की निशानी है. वजन देखो उसका."

दोर शंभर फुटी, दर दहा फुटांवर गाठ. तरुणपणी दोघांनी नहर या दोरानं मोजून काढली होती, कुणी सांगितलं नव्हतं तरी. गाळ कुठं साचतो, छत कुठं खाली येतं, सगळं दोरांच्या हिशेबात त्यांना पाठ होतं. वरच्या तोंडापासून सरळ चार दोर गेलं की नहर डावीकडं वळते आणि हौदाकडं येते, हे तर वस्तीतल्या लहान पोरांनाही माहीत होतं. खालचं तोंड कधीच घरांखाली बुजून गेलं होतं, त्यामुळं ते वळण डोळ्यांनी बघितलेली माणसं दोनच.

दोन वर्षांपूर्वी वस्तीलगतच्या नाल्यावर पूल बांधायचं ठरलं. खांबांसाठी यंत्रानं चाळीस-चाळीस फूट खोल भोकं पाडणार होते. एक भोक जरी नहरीत गेलं असतं, तर हौद संपला असता. बायका अप्पांकडं आल्या. अप्पा कामावरच्या इंजिनिअरकडं गेले. राजकुमार नाव होतं त्यांचं, माणूस बरा होता. ते म्हणाले, "काका, नहर कुठून जाते ते मला कागदावर द्या. मी खांब सरकवतो. तोंडी सांगण्यावर मला सरकवता येत नाही."

कागद करायला मेघा आली. शहरात गारखेड्यात राहते, आर्किटेक्ट आहे, जुन्या पाणीव्यवस्थांचे नकाशे करते. माझं अक्षर चांगलं म्हणून तिनं आकड्यांची वही माझ्याकडं दिली. डिसेंबर होता, नहरीत पाणी छातीएवढं. आत जाणं शक्य नव्हतं. मेघानं जमिनीवरून जेवढं मोजता येईल तेवढं मोजलं, वरच्या तोंडातून आत होकायंत्र धरून दिशा घेतली, आणि वळणापाशी येऊन थांबली.

"अप्पा, चार दोर म्हणजे चारशे फूट. नक्की ना?"

"नक्की म्हंजी?" अप्पा ओसरीवरून उठलेच. दोर काढला, खिळ्याला लावला, ताणला. दुसरी गाठ खिळ्यावर टेकली. "हे बघ. रोज बघतो मी. ह्या दोरात एका बोटाचाबी फरक नाय."

"लिखो बेटी," मुख्तारचाचा मला म्हणाले. "चारसौ. इसकी बीवी झूठ बोलेगी, इसकी रस्सी नै बोलेगी."

"मुख्तारभाई, पुन्हा चहा मागा माझ्याकडं," आतून चंपाबाई म्हणाल्या.

मी चारशे लिहिलं. नकाशा झाला. राजकुमार साहेबांनी त्यावरून खांबांच्या जागी लाल रंगाच्या खुंट्या ठोकल्या. तिसरा खांब वळणाच्या अलीकडं, डाव्या अंगाला, नहरीपासून चांगला तीस फूट लांब. अप्पा रोज संध्याकाळी त्या खुंटीपर्यंत चालत जायचे, तिच्याकडं बघायचे आणि परत यायचे. कुणी भेटलं तर सांगायचे, "आपल्या दोरावर पूल उभा राहतोय."

फेब्रुवारीत यंत्र आलं. सोमवारी तिसऱ्या खांबाचं भोक पडणार होतं. त्याच्या आधीच्या शुक्रवारी चंपाबाईंनी दोर धुतला.

एवढ्या वर्षांत त्या दोराला त्यांनी हात लावला नव्हता. पण घरी पाहुणे यायचे होते आणि ओसरीला वास येत होता. त्यांनी दोर सोड्याच्या पाण्यात बुडवला, चोळला, पिळला आणि खुंटीला लावून टाकला. शनिवारी सकाळी अप्पा उठले, सवयीनं दोर काढला, तसाच ओला, आणि खिळ्याला लावला.

दुसरी गाठ खिळ्यापर्यंत पोचली नाही.

मी तेव्हा हौदावर घागर भरत होते. अप्पांची ओसरी तिथून समोर दिसते. त्यांनी दोर पुन्हा लावला. पुन्हा ताणला. मग खिळा आणि गाठ यांमध्ये हात ठेवला. अंगठा गाठीवर, करंगळी खिळ्यावर. एक वीत.

"कुणी सांगितलं व्हतं दोर धुवायला?" ते ओरडले.

"मेलेल्या बेडकाचा वास मारत व्हता," चंपाबाई बाहेर आल्या. "काय बिघडलं? वाळंल की."

"वाळंल," अप्पा म्हणाले. मग खाली बसले. दोर मांडीवर घेतला. मी घागर ठेवून जवळ गेले तेव्हा ते बोटांवर काही मोजत होते.

"अमृता, सुती दोर भिजला की आखूडतो," ते म्हणाले. "वाळला की पुन्ना लांबतो. हे मला ठावं व्हतं. पन मी रोज वाळलेला मोजला. आन् नहरीत तो कवा वाळलेला व्हता?"

मला समजायला क्षणभर लागलं. पाण्यातून ओढत नेलेल्या त्या दोराची प्रत्येक गाठ वीतभर अलीकडं आली होती. चार दोरांच्या चाळीस गाठी. चाळीस विती, वीत पाऊण फुटाची. म्हणजे वळण चारशे फुटांवर नव्हतं, तीस फूट आधी होतं. आणि तीस फूट आधी, डावीकडं जाणाऱ्या नहरीच्या बरोबर वर, लाल खुंटी होती.

"ह्यात माझी चूक झाली," चंपाबाई हळूच म्हणाल्या. त्यांना वाटत होतं, दोर धुतल्यानं काही तरी मोडलं.

"तू चूक काढली," अप्पा म्हणाले. "केली मी. इतकी वर्षं केली." त्यांनी चंपाबाईंकडून नुकताच ओतलेला कप घेतला. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा गरम चहा प्यायला आणि त्यांना तो समजलाही नाही.

गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. भोक पडलं असतं, हौद आटला असता, लोक म्हणाले असते, नशीब. पण त्यांनी पायात चपला घातल्या आणि आधी मुख्तारचाचांकडं गेले. मीही मागोमाग गेले. चाचा दारात दाढी करत होते. अप्पांनी सगळं सांगितलं. चाचांनी वस्तरा पुसला.

"मंजे मैं बी झूठा," ते म्हणाले.

"तू नाय. दोर माझा व्हता."

"दूसरा सिरा किसके हाथ में था? कायकू अकेला लेता रे सब?" चाचांनी अर्ध्या गालावरचा साबण तसाच ठेवला. "चल."

राजकुमार साहेबांनी ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं. "काका, डिसेंबरात तुम्ही शपथेवर सांगितलं चारशे. आज म्हणता तीनशे सत्तर. उद्या काय म्हणाल? यंत्र उभं आहे. सोमवारी सकाळपर्यंत मोजून दाखवा, मी खांब हलवतो. नाहीतर आहे त्या जागी काम सुरू."

मेघा दुपारीच आली. पाणी आता मांडीएवढं होतं. आत जाण्यासारखं होतं, पण तिला वाट माहीत नव्हती. मधे एका ठिकाणी बोगदा दोन फाटे दाखवतो, एक खोटा असतो. अप्पा एकाहत्तर वर्षांचे होते. सात वर्षं ते आत उतरले नव्हते.

"तुम्ही नाय जायचं," चंपाबाई म्हणाल्या.

"मंग कोन जाणार?"

चंपाबाईंनी आत जाऊन त्यांची खाकी हाफ पँट शोधून आणली आणि कमरेची नाडी बदलून दिली.

रविवारी सकाळी कंदील खाली सोडला. तो जळत राहिला. अप्पांनी कमरेला नवा नायलॉनचा दोर बांधला, हातात मेघाच्या स्टीलच्या टेपचं टोक घेतलं. मेघानं त्यांना हेल्मेट घातलं तेव्हा चाचा हसले.

"दूल्हा दिख रा है बुढ्ढा. पेट अंदर घुसेगा क्या तेरा?"

"तू दोर धर. तोंड चालवायची गरज नाय."

ते उतरले, मागं मेघा. टेप शंभर फुटी होती. शंभर झाले की अप्पा थांबायचे, मेघा भिंतीवर खडूनं खूण करायची, मोठ्यानं ओरडायची आणि मी लिहायचे. शंभर. दोनशे. त्यानंतर आवाज येईना. फक्त दोर हळूहळू आत जात होता. चाचा पाय पसरून बसले होते. तोंड बडबडत होतं, पण हात बडबडत नव्हते. दोर त्यांच्या बोटांतून इतका हलका सरकत होता, जणू झोपलेल्या माणसाच्या अंगावरून चादर काढताहेत. चंपाबाई शेजारी उभ्या होत्या. मग दोर थांबला. एक मिनिट. दोन. हिसका नाही. चंपाबाई चाचांच्या पाठीमागं येऊन बसल्या आणि त्यांनीही दोर धरला.

आत काय झालं ते मेघानं नंतर सांगितलं. छतावरून चुना झिरपून शेवयांसारखे पांढरे धागे लोंबत होते. अप्पा प्रत्येक ठिकाणी डोकं वाकवून जात होते, एकही शेवई मोडू देत नव्हते. वळणापाशी ते थांबले. भिंतीच्या चुन्यात चार उभ्या रेघा कोरलेल्या होत्या. त्यांनीच कोरलेल्या, तरुणपणी, दर दोराला एक. त्या रेघांवर त्यांनी हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. पाणी त्यांच्या पायांभोवती वाहत होतं.

"किती?" त्यांनी विचारलं.

मेघानं टेपवर बॅटरी धरली. "तीनशे एकाहत्तर. आणि थोडं."

"थोडं असू दे." मग ते हसले, मेघा म्हणते, अगदी मोकळे. "वीत बरोबर व्हती माझी."

बाहेर दोराला एक हिसका बसला. चंपाबाईंनी दोर सोडला आणि पदरानं डोळे पुसले. चाचांनी नाही सोडला. अप्पांचं डोकं तोंडातून वर येईपर्यंत त्यांनी तो धरून ठेवला. मग म्हणाले, "मोटा हुआ रे तू."

मी वहीत चारशेवर काट मारून तीनशे एकाहत्तर लिहिलं. अप्पांनी मला पानावर तसंच ठेवायला लावलं, नवं पान नको म्हणाले. "आधीचंबी दिसू दे." राजकुमार साहेब सोमवारी स्वतः टेप घेऊन चालले, खाली-वर बघितलं आणि खुंटी उपटून पंचवीस फूट पलीकडं ठोकली. जाताना त्यांनी अप्पांचा हात हातात घेतला.

पूल झाला. हौदाची धार अजून मनगटाएवढीच आहे.

त्यानंतर अप्पांनी सवय बदलली. सकाळी उठले की दोर बादलीत टाकायचे, तो पूर्ण भिजेपर्यंत ओसरीवर भिंतीला टेकून बसायचे आणि मग मोजायचे. दुसऱ्या खिळ्याच्या वीतभर अलीकडं त्यांनी तिसरा खिळा ठोकला होता. मुख्तारचाचा चिडवायचे, "अब किसकू नापना है? पुल तो बन गया." अप्पा म्हणायचे, "सवयीला विचारू नको."

चहा आता आणखी गार व्हायला लागला.

मागच्या ऑगस्टमधल्या एका मंगळवारी ते नेहमीसारखे उठले. त्यांना काही दुखत नव्हतं, काही होत नव्हतं. बादली भरली, दोर टाकला, भिंतीला टेकून बसले. चंपाबाई कप घेऊन आल्या. मी हौदावरच होते, त्यांचं बोलणं मला ऐकू आलं. थोड्या वेळानं चंपाबाई पुन्हा आल्या तेव्हा ते तसेच बसलेले होते, मान जराशी कलती, आणि दोर भिजून बादलीच्या तळाशी गेला होता. त्यांनी मला हाक मारली.

पण त्याआधी, कप समोर आला तेव्हा, अप्पांनी बादलीवरची नजर न काढता म्हटलं होतं, "झाकून ठेव. अजून भिजला नाय."