खंडेनवमीचा पाना

मी डीआर होतो, म्हणजे डिस्पॅच रायडर. कामठी छावणीत आमचं सिग्नलचं सेक्शन होतं आणि माझं काम एवढंच, की कागद घ्यायचा, फटफटीला किक मारायची आणि सांगितलेल्या वेळेत पोचवायचा. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. तुम्हाला वाटतं फौजी म्हटला की रोज बंदूक चालवतो. अहो, मी बंदुकीपेक्षा पाना जास्त वेळा हातात धरला असेल.

पाना धरायला मला शिकवलं लान्स नायक गणपतनं. तो आमच्या एमटी शेडचा, म्हणजे गाड्यांच्या शेडचा फिटर, उमरेडच्या कोष्ट्याच्या घरचा. घरी हातमाग. धाग्याचा ताण बोटानं ओळखायची सवय, तीच तो बोल्टावर चालवायचा. त्याचा नियम ठरलेला. चाक काढून बसवलं की एकदा पाना, आणि दुसऱ्या दिवशी निघण्याआधी पुन्हा एकदा पाना.

मी चिडवायचो, "काहून गा, बोल्ट का रात्री उठून फिराले जातेत?"

"तू जातं नं फिराले? तसेच तेही," तो म्हणायचा.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शेडमध्ये नुसती धांदल. फौजेत या दिवशी शस्त्रपूजा असते. हत्यारं, गाड्या, अवजारं, सगळ्यांना हळदकुंकू लागतं आणि सीओ साहेब स्वतः येतात. मी माझ्या फटफटीचं मागचं चाक काढलं. ते ड्रमला पाच बोल्टांनी धरलेलं असायचं. चाक, ड्रम, सगळ्याला हिरवा रंग फासला. हौस माझी, दुसऱ्या कोणाची नाही. रंग ओला असतानाच गणपतनं बोल्ट आवळले आणि बोट हिरवं झालेलं पाहून तो माझ्यावर खेकसला.

"बोल्टाच्या बुडाखाली कोण रंग लावते बे? वाळला का दबून जाईन, अन् बोल्ट ढिले. उद्या सकाळी पाना लावल्याबिगर गाडी काढू नको."

"हो गा बाबा, लावतो."

सकाळी सहालाच सगळी अवजारं पूजेसाठी मांडली गेली. माझ्या टूलबॅगमधले पानेसुद्धा मीच काढून पांढऱ्या चादरीवर ओळीनं ठेवले. मांडलेल्या अवजाराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हा रिवाज. पाना लावायचं माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं.

सात वीसला गणपत नाल्याकडे झेंडूची फुलं आणायला गेला. सात पस्तीसला दोघांनी त्याला उचलून आणला. परड, म्हणजे घोणस, चावली होती, डाव्या पोटरीला. एमआय रूममधल्या, म्हणजे छावणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टर साहेबांनी पाय पाहिला आणि फोन उचलला. आमच्याकडे सापाच्या विषावरचं औषध संपलेलं. नागपुरातल्या मोठ्या दवाखान्यात होतं. अॅम्ब्युलन्स ट्रेनिंग पार्टीसोबत बाहेर गेलेली, आणि पेशंटला हलवायचं नाही असं साहेबांनी सांगितलं.

"डीआर! कितना टाइम?"

"साब, आने-जाने का एक घंटा."

"पैंतालीस मिनट. जाओ."

सात पंचेचाळीसला मी गेटबाहेर. आठ सातला दवाखान्यात. कापसात गुंडाळलेल्या औषधाच्या बाटल्या मी छातीशी, शर्टाच्या आत ठेवल्या आणि आठ बाराला परत निघालो.

जरीपटक्याचा फाटा मागे पडला आणि फटफटी मागून डुलायला लागली. आधी वाटलं रस्ता खराब आहे. मग सीटखाली ठक ठक ऐकू यायला लागलं. हँडल माझं ऐकेना. मी थ्रॉटल सोडला आणि पाय टेकून थांबलो. खाली वाकून पाहिलं. पाचातले दोन बोल्ट गायब. उरलेले तीन मी नुसत्या बोटांनी फिरवले, तर फिरले.

टूलबॅग उघडली. रिकामी. पाने तिकडे चादरीवर पूजेची वाट पाहत बसलेले. मी स्वतःला अशी शिवी दिली की बैलगाडीवाला वळून बघायला लागला.

आठ वीस झाले होते. कामठी सहा मैल. तशीच दामटली तर चाक निघून मी आडवा, आणि बाटल्यांचा चुरा. पळत गेलो तर तास. एकही मोटार दिसेना. मी गाडी ढकलत निघालो. दोन फर्लांगांवर टिनाच्या शेडमध्ये सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दार उघडं. फळीवर पाने, पक्कड, कानस, सगळ्यांना हळदकुंकू, समोर उदबत्ती. म्हातारा मिस्त्री हात जोडून बसलेला.

"पाना द्या काका. लवकर!"

"आज अवजाराले हात नाही लावत आम्ही. उद्या या."

"उद्या? अहो, माणूस मरून राहिला तिकडं! परड चावली त्याले! औषध हे बघा!" मी शर्ट उघडून बाटल्या दाखवल्या. माझा आवाज फाटला होता.

तो हललाच नाही. मागून त्याची बायको आली. तिनं फळीवरून दोन पाने उचलले, कुंकवासकट, आणि माझ्या हातात दिले.

"अजी, उठा नं आता. देवाले मी पाहून घेईन."

मग म्हातारा उठला. मी आवळायला लागलो तर त्यानं माझा हात धरला. "थांब. आधी रंग खरवडा लागते. नाही तं मैलभरात पुन्हा ढिले होतीन." त्यानं तिन्ही बोल्ट काढले, कानशीनं बुडाचा रंग साफ केला आणि बोल्ट दूरदूरच्या भोकांत बसवून आवळले. गणपतचेच शब्द. मला रडू येत होतं, पण वेळ नव्हता.

आठ अडतीसला निघालो. तीन बोल्टांवर वीस मैलांच्या वर वेग नेला नाही. आठ अठ्ठावन्नला बाटल्या डॉक्टर साहेबांच्या हातात होत्या. अठ्ठावीस मिनिटं उशीर.

दुपारी मला आत सोडलं. गणपतच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. त्यानं मला ओळखलं.

"उशीर झाला म्हनते. गाडी बिघडली का?"

"पंक्चर," मी म्हणालो.

"सकाळी पाना लावला होता नं?"

"लावला."

"मंग ठीक," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या दुपारी, गणपत गेला. अठ्ठावीस मिनिटांनी फरक पडला असता का, हे मी डॉक्टर साहेबांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. चाकाचं मी सुभेदार साहेबांना सगळं खरं सांगितलं आणि चौदा दिवसांची सजा भोगली. ती सोपी होती. उमरेडला त्याच्या सामानाची पेटी घेऊन मीच गेलो. त्याच्या आईनं विचारलं, "तू त्याचा दोस्त का रे बाबू?" मला हो म्हणायचीही लाज वाटली.

आता नागपुरातच असतो. खंडेनवमीला सूनबाई घरातली अवजारं पूजेला मांडते, पण एक पाना मी मांडू देत नाही. तिनं पहिल्या वर्षी विचारलं, "काहून मामंजी?" मी पाना खिशात घातला.

त्या दिवशी सकाळी सहाला मी मुलाच्या स्कूटरपाशी बसतो. मागच्या चाकाचा एकेक नट आवळतो. ढिला नसतो तरी आवळतो. मग उठून मोठ्यानं सांगतो, "लावला गा, गणपत."