चार मिनिटांच्या दोन ओळी

नव्वदच्या दशकात माझ्या मित्राने बंगळूरच्या चिकपेटातल्या आमच्या साड्यांच्या दुकानात एक लघुपट केला. उसना कॅमेरा, नट नाहीत, गोष्टही नाही. पडद्यावर फक्त साड्यांच्या घड्या घालणारे माझे हात आणि त्यावर माझा आवाज. तो बसवनगुडीतला, घरी कन्नड. मराठी त्याला येत नव्हतं. म्हणूनच म्हणाला, "तुझ्या घरच्या भाषेत बोल, मनात येईल ते. मला कळणार नाही, म्हणजे तू लाजणार नाहीस."

नाही लाजलो. माझा तुझ्यावर जीव आहे, हे त्याच्याकडे बघत चार मिनिटं सांगत राहिलो. पुरुषाने पुरुषाला हे कसं सांगायचं ते मी कुठे ऐकलं नव्हतं. तरी शब्द येत गेले.

आठवड्याने तो वही घेऊन आला. चित्राखाली इंग्रजी ओळी द्यायच्या होत्या.

"काय बोललास?"

"घडीचंच. काठ जुळवायचा, पदर वर ठेवायचा."

"चार मिनिटं बोललास की! दोनच ओळी?"

"आम्ही मराठी लोक पाल्हाळ फार लावतो."

तो हसला. "मधे आमचं कन्नड 'स्वल्प' म्हणालास. तेवढं कळलं मला. स्वल्प काय?"

"स्वल्प घट्ट घडी घाल, असं."

"सरी, ठीक आहे." त्याने लिहून घेतलं. पेन मात्र थोडा वेळ तसंच हातात धरून बसला.

लघुपटाच्या खेळाला तीसेक माणसं होती. दुकानातल्या साड्या दिसणार म्हणून माझी थोरली बहीण, अक्काही, हौसेने आली. ती येईल असं मला वाटलंच नव्हतं. पडद्यावर माझा आवाज कापत होता आणि खाली 'काठ जुळवा' उमटत होतं. लोक कौतुकाने हसले. अक्का हसली नाही.

येताना आम्ही रिक्षा केली. बसताच ती म्हणाली, "त्याला कळलं काय रे?"

"नाही."

"मग सांग की. अण्णांचं मी बघते."

वडिलांची भीती होती, तीही तिने अशी काढून घेतली. तरी मी सांगितलं नाही. वर्षभराने तो शहर सोडून गेला. स्टेशनवर सोडायला गेलो, तेव्हाही मी डब्यातल्या गर्दीबद्दलच बोललो. त्याच्या त्या लघुपटाखाली माझं खोटं अजून तसंच आहे.

त्या 'स्वल्प'चं खरं वाक्य असं होतं: "कॅमेरा ठेव बाजूला, स्वल्प पुढं ये आणि माझे हात धर."