तळीवरचा हात

अणदूरची निकिता दहावीला. तोंडानं कमी अन् बोटांनी लई बोलणारी. बोटं बोलायची ती फोनवर, प्रतीक्षासंगं. दोघींची शेतं बांधाला बांध लागून, आणि बांधावरच्या एका बाभळीपायी दोन्ही घरांचं बोलणं बंद. बाभळ कधीच वाळून चुलीत गेली, भांडण मात्र हिरवंगार. म्हणून पोरी वर्गात परक्यासारख्या बसायच्या, अन् घरी गेल्या की फोनवर गळ्यात गळा. कोण कशानं रडलं, सगळं एकमेकींना ठाऊक.

चंपाषष्ठीला निकिताच्या आईनं देवळात तळी मांडली. ताटात भंडारा, खोबरं, पानं. पाचांनी मिळून उचलायची. एकजण कमी पडलं. तेवढ्यात प्रतीक्षा गर्दीतनं आली आणि हसत ताटाला हात लावला. आदल्या दिवशी निकितानंच फोनवर लिहिलं होतं, "उद्या देवळात भेटू. कोण काय म्हणतंय बघू."

आईनं डोळे वटारले. "हिला कुणी बोलावलं? तुझी कोण लागते गं ही?"

"कोण न्हाय. म्या बोलत बी न्हाय तिच्यासंगं," निकिता म्हणाली, आणि ताटाखालचा आपला हात काढून घेतला.

ताट कललं. भंडारा प्रतीक्षाच्या पायांवर सांडला. तळीचा हात मधीच कुणी काढत नाही. प्रतीक्षानं ताट सावरून खाली ठेवलं अन् पिवळ्या पायांनी निघून गेली.

घरी निकितानं भरीत-रोडगा ताटात तसाच ठेवला. 'चुकलं' म्हणून तिनं लिहिलं, रडकी तोंडं पाठवली. उत्तर आलं, "तोंडानं बोलत न्हाईस ना? मग हितं तरी कशाला बोलतीस?"

दुसऱ्या दिवशी ओढणीआड रोडग्याची ताटली घेऊन ती प्रतीक्षाच्या दारात गेली. आजी कस्तुराबाई तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या.

"कुणाची गं तू?" त्यांनी विचारलं. चांगलं ठाऊक असून.

निकिताचे कान तापले. गल्लीतल्या बायका थबकल्या. आईच्या कानावर जायला आता चहा उकळण्याइतकाही वेळ लागणार नव्हता.

"म्या प्रतीक्षाची मैत्रीण." आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाली, मोठ्यानं.

प्रतीक्षा उंबऱ्यात येऊन उभी राहिली. ताटली घेतली नाही. निकिताची मान खाली गेली. समोर प्रतीक्षाच्या टाचा, अजून पिवळ्या.

कस्तुराबाईंनी टोपली पुढं सरकवली.

"बस, शेंगा सोल. आन् हितला तरी हात मधीच काढू नगंस."